इराणचं गाळलेलं पान

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाची चिकित्सा करणारा इतिहास म्हणजे अमेरिकाद्वेष, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. ही चिकित्सा करण्यात अमेरिकी इतिहासकारच पुढे होते आणि त्यासाठी ते आपल्याच सरकारशी भांडले.

तिथलं परराष्ट्र खातं १८६१पासून आपली कागदपत्रं ग्रंथमालेच्या रूपात छापत आलं आहे. १९८९मध्ये तिच्यात १९५१ ते १९५४ या काळातल्या इराणवरचा खंड आला. तेलाचं राष्ट्रीयीकरण करणारे पंतप्रधान मोहम्मद मोसादेक यांना ऑगस्ट १९५३मध्ये सत्तेवरून खेचण्यात सीआयए आणि ब्रिटिश हेरखात्याचा हात होता. खंडात त्याचा उल्लेखच नव्हता! अभ्यासक खवळले. खात्याच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष, इतिहासकार वॉरन कोहेन यांनी १९९०मध्ये राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी कायदा झाला : हे खंड सखोल, अचूक आणि विश्वासार्ह असले पाहिजेत, तेही घटनेनंतर ३० वर्षांच्या आत. तरीही इराणचा सुधारित खंड यायला २०१७ साल उजाडलं. मोसादेक तर १९६७मध्येच, नजरकैदेत असताना वारले होते.

आपली वृत्तपत्रं मात्र इराण-अमेरिका वैराची गोष्ट बहुतेकदा १९७९च्या ओलीस प्रकरणापासून (तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासातल्या लोकांना ओलीस धरलं गेलं तेव्हापासून) सुरू करतात. यापुढे ती १९५३पासून सांगावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा