ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी तो तपासावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर गावी किंवा सहलीला निघण्यापूर्वी गाडीचे काम उरकून घेणाऱ्यांची सध्या नाशिकमधील गॅरेजांत गर्दी आहे आणि त्यांतील अनेकांची तक्रार एकच असते : डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला आहे. गेली सव्वीस वर्षे मी सातपूर परिसरात पेट्रोल गाड्यांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करतो. या दिव्यापायी चांगले ऑक्सिजन सेन्सर काढून टाकले जातात आणि मूळ दोष मात्र गाडीत तसाच राहतो, हे वारंवार पाहून मन अस्वस्थ झाल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

गेल्या महिन्यात नाशिकरोडचे एक निवृत्त गृहस्थ त्यांची २०१५ सालची पेट्रोल गाडी घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या हातात दोन वेगवेगळ्या गॅरेजांच्या पावत्या होत्या. पहिल्या ठिकाणी स्कॅनर लावल्यावर ‘पी ०१७१’ हा कोड निघाला, म्हणून पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलण्यात आला. आठ दिवसांत दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या ठिकाणी मागचा सेन्सरही बदलला गेला आणि तरीही दिवा विझेना तेव्हा ‘आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच बदलावा लागेल’ (म्हणजे धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) असे त्यांना सांगण्यात आले. वास्तविक ‘पी ०१७१’ या कोडचा अर्थ सेन्सर बिघडला असा होतच नाही. इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी आहे, ज्याला आम्ही मंडळी ‘लीन’ म्हणतो, एवढेच तो कोड सांगतो. आणि ही बातमी इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, पोहोचवणारा तो सेन्सरच असतो. खरी साक्ष देणाऱ्यालाच या गाडीत दोन वेळा शिक्षा झाली होती.

हा सेन्सर नेमके काय करतो हे गाडीमालकांनाही ठाऊक असावे असे मला वाटते, कारण ते समजल्यावर कोणता प्रश्न विचारायचा हे आपोआप कळते. इंजिनातून जळालेला वायू ज्या पाइपातून बाहेर पडतो त्यात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक, असे साधारणपणे दोन सेन्सर बसवलेले असतात. प्रत्येक सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनियम ऑक्साइडची चिनीमातीसारखी टोपी असते. तिच्या आतल्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा आणि बाहेरच्या बाजूला जळालेला वायू असतो. टोक सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापले, की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील फरकामुळे त्यात विजेचा सूक्ष्म दाब तयार होतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त झाले तर सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, कमी झाले तर ०.१ च्या आसपास, आणि मधली सीमा ०.४५ व्होल्टची. ईसीयू हा आकडा पाहून पेट्रोल सतत थोडे वाढवतो, थोडे कमी करतो. त्यामुळे निरोगी पुढच्या सेन्सरचा आकडा कधी स्थिर राहत नाही, तो वरखाली झुलत राहतो. आपल्या सातपुरात ज्या बॉश कंपनीचा डिझेल इंजेक्टरचा कारखाना आहे, त्याच कंपनीने १९७६ मध्ये हा सेन्सर प्रथम कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार केला. जवळजवळ पन्नास वर्षे जुन्या आणि इतक्या परिचित भागाची तपासणी आजही अंदाजाने व्हावी, याचे मला वाईट वाटते.

त्या गृहस्थांच्या गाडीवर मी प्रथम कोड पुसला नाही. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होते, किती फेऱ्यांवर होते आणि गाडीचा वेग काय होता, याची नोंद ईसीयू जपून ठेवतो. कोड पुसला की तीही जाते. पुष्कळ ठिकाणी स्कॅनर लावल्याबरोबर पहिले बटण ‘इरेज’चे दाबले जाते आणि सर्वांत मोलाचा पुरावा तिथेच नष्ट होतो. त्यानंतर इंजिन पूर्ण गरम करून मी ‘फ्युएल ट्रिम’ पाहिला, म्हणजे ठरलेल्या प्रमाणापेक्षा ईसीयू किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देत आहे तो आकडा. साधारणपणे तो उणे १० ते अधिक १० च्या आत असावा. या गाडीत आयडलिंगला तो अधिक २२ होता, पण अॅक्सिलरेटर देऊन इंजिन २५०० फेऱ्यांवर नेल्यावर ५ वर आला. जाणकाराला एवढ्यावरच दिशा मिळते : थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) बंद असताना जास्त आणि उघडल्यावर कमी, म्हणजे थ्रॉटलच्या पुढे कुठून तरी चोरून हवा आत शिरत आहे, कारण आयडलिंगला आत येणारी एकूण हवाच थोडी असल्याने ही चोरटी हवा तिथे जास्त जाणवते. उलट, वेग आणि भार वाढताना आकडा चढत गेला असता तर मी पेट्रोल पंपाचा दाब आणि फिल्टर पाहिला असता. शेवटी इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या) मागच्या अंगाला, हात कसाबसा पोहोचतो अशा जागी, एका रबरी व्हॅक्युम पाइपाला चीर सापडली. पाइप दोनशे रुपयांच्या आतला होता. पाइप बदलल्यावर मी आणखी एक गोष्ट केली, आणि या पत्रामागचे खरे कारण तेच आहे. पहिल्या गॅरेजने काढलेला जुना सेन्सर त्या गृहस्थांनी खोक्यासकट डिकीत ठेवला होता. तो मी परत बसवून पाहिला. तो ०.१ ते ०.९ च्या दरम्यान अगदी झटपट झुलत होता. त्यात काहीच दोष नव्हता.

सेन्सर खरोखर मेला आहे की खरे बोलत आहे, हे ठरवायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. आकडा ०.१ वर अडकून बसला असेल तर एअर फिल्टरच्या पुढून क्लीनरचा अगदी थोडा फवारा आत द्यावा. मिश्रण तात्पुरते ‘रिच’ (जास्त पेट्रोलचे) होते आणि जिवंत सेन्सर लगेच ०.८ च्या वर उडी मारतो. आकडा ०.९ वर अडकला असेल तर एखादा व्हॅक्युम पाइप क्षणभर काढावा. हवा आत शिरते आणि जिवंत सेन्सर खाली येतो. दोन्ही वेळा त्याने तत्परतेने उत्तर दिले तर दोष इंजिनात शोधायचा, सेन्सरमध्ये नाही. (तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांजवळ) असा फवारा उडाला तर आग लागू शकते, म्हणून घरी कोणी हा प्रयोग करू नये, ही कळकळीची विनंती.) उत्तर उशिरा आले किंवा आलेच नाही, तर सेन्सर बदलणे योग्यच आहे. शिवाय जुना सेन्सर काढल्यावर त्याचे टोक पाहावे : पांढरट थर असेल तर कूलंट जळत असल्याची किंवा सिलिकॉनचा सीलंट चुकीच्या जागी वापरल्याची शंका घ्यावी, आणि ऑइलाची काजळी असेल तर इंजिन ऑइल पीत आहे. ते कारण तसेच ठेवून नवा सेन्सर बसवला तर काही महिन्यांत तोही त्याच वाटेने जातो.

‘पी ०१३५’ किंवा ‘पी ०१४१’ हे कोड सेन्सरच्या आतल्या हीटरचे असतात आणि त्यांतही सेन्सर बदलण्याची घाई केली जाते. कपलर (तारांचा जोड) सोडून हीटरच्या दोन तारांमधला रोध मल्टिमीटरने मोजायला दोन मिनिटे लागतात. बहुतेक सेन्सरांत तो काही ओहम, फार तर पंधरा-वीसच्या आत असतो. तो बरोबर असेल तर कपलरपर्यंत बॅटरीचा १२ व्होल्टचा पुरवठा येतो की नाही ते पाहावे. माझ्या अनुभवात या तक्रारीत फ्यूज उडालेला, पावसाळ्यात कपलरमध्ये पाणी जाऊन पिना हिरव्या पडलेल्या, किंवा रात्री उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीची तार उंदरांनी कुरतडलेली, अशी कारणे कितीदा तरी निघाली आहेत. सिग्नलच्या तारेवर मात्र रोध मोजू नये, कारण मीटरच्या विजेमुळे सेन्सर खराब होऊ शकतो. हे माझ्या क्षेत्रातील तरुण मित्रांना मी आवर्जून सांगतो.

सायलेन्सरचा पाइप पुढच्या सेन्सरच्या आधी कुठे फुटला असेल, किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुंकत असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवत राहतो. प्लग किंवा कॉइल खराब होऊन एखादा सिलिंडर मिस करत असेल तर तिथला न वापरलेला ऑक्सिजनही तसाच बाहेर येतो आणि सेन्सर ‘लीन’ दाखवतो, जरी त्याच वेळी कच्चे पेट्रोल सायलेन्सरमध्ये जात असते. हे कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून त्याची जाळी वितळवते. म्हणूनच ‘पी ०४२०’ हा कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड आला, की मागचा सेन्सर बदलण्याआधी दोन्ही सेन्सरांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मागच्या सेन्सरचा आकडा स्थिर असायला हवा. तो पुढच्यासारखाच झुलत असेल तर कन्व्हर्टरने काम सोडले आहे, आणि तो का निकामी झाला हे शोधल्याशिवाय इतका महागडा भाग बदलणे म्हणजे ग्राहकाचे पैसे पाण्यात घालणे होय.

काही वेळा तर दोष कुठेच नसतो. कसारा घाट उतरताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असताना ईसीयू पेट्रोल पूर्ण बंद करतो आणि सेन्सर शून्याजवळ जातो. तोच घाट पूर्ण भाराने चढताना पेट्रोल मुद्दाम जास्त दिले जाते आणि आकडा ०.८-०.९ वर राहतो. हे दोन्ही स्वाभाविक आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचेही तसेच. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन मुळातच असल्याने अशा १ किलो पेट्रोलला सुमारे १३.५ किलो हवाच पुरते, म्हणून जुन्या गाडीत फ्युएल ट्रिम काही टक्क्यांनी वर सरकतो. त्यावरून सेन्सर दोषी ठरवू नये. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या काही गाड्यांत सेन्सरची तार मध्येच तोडून एम्युलेटर (सेन्सरसारखा बनावट संकेत देणारे यंत्र) जोडलेला असतो आणि तो जोड सैल झाला तरी कोड येतो. अनेक नव्या गाड्यांत पुढच्या बाजूला वाइडबँड प्रकारचा (मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणारा) सेन्सर असतो, जो ०.१ ते ०.९ असा झुलतच नाही. त्याला जुनी फूटपट्टी लावली तर प्रत्येक चांगला सेन्सर बिघडलेला भासेल.

हे लिहिताना मी स्वतःला वेगळा काढत नाही. स्कॅनर नवीन आला तेव्हा सुरुवातीची काही वर्षे मीही कोड वाचून भाग बदलत होतो, आणि त्या काळात ज्या ग्राहकांचे पैसे माझ्यामुळे वाया गेले त्यांची आठवण मला आजही बोचते. पण त्याची दुसरी बाजूही वाचकांपुढे मांडली पाहिजे. दीड तास बसून दोष शोधला आणि त्या कामाचे पाचशे रुपये सांगितले, तर ‘नुसते मशीन लावायचे कसले पैसे?’ असा प्रश्न येतो. मात्र काही हजारांचा सेन्सर बदलल्याचे बिल ग्राहक मुकाट्याने देतो, कारण नवा भाग डोळ्यांना दिसतो. तपासणीला किंमत मिळत नाही तोवर गॅरेजवाला तपासणार नाही, बदलणारच.

म्हणून गाडीमालकांना माझी विनंती आहे, की सेन्सर बदलण्यास संमती देण्यापूर्वी तो कशावरून बिघडला असे ठरवले, हे विचारावे. तपासणीचे पैसे वेगळे द्यावेत आणि काढलेला भाग परत मागून घ्यावा. पीयूसीचा दाखला नीट वाचावा. बीएस-४ आणि त्यापुढच्या प्रदूषण मानकांच्या पेट्रोल गाडीच्या दाखल्यावर सुमारे २५०० फेऱ्यांवर मोजलेला लॅम्डाचा (हवेचे प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे याचा) आकडा असतो आणि तो ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असणे अपेक्षित असते, तो १.०३ च्या बराच वर असेल तर मिश्रण ‘लीन’ आहे किंवा सायलेन्सरचा पाइप कुठे तरी फुटला आहे. हा कागद बहुतेकजण न वाचताच ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतात. मोटार मेकॅनिकचे शिक्षण देणाऱ्या शहरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीही मुलांना केवळ कोडची यादी पाठ करायला न लावता व्हॅक्युम पाइप सैल केलेली, फ्यूज काढलेली, प्लग खराब असलेली चालू गाडी त्यांच्यापुढे उभी करावी आणि स्कॅनरवरचे आकडे वाचून दोष शोधायला लावावे. त्यासाठी माझ्या गॅरेजमधील गाडी, स्कॅनर आणि शनिवारची दुपार मी विनामूल्य द्यायला तयार आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढेच सुचवतो, की ऑक्सिजन सेन्सर बदलल्यास पावतीवर मूळ कोड, बदलण्यापूर्वीचा सेन्सरचा आकडा व फ्युएल ट्रिम, आणि बदलल्यानंतरचे तेच आकडे लिहून द्यावेत. या महिन्यापासून माझ्याकडील प्रत्येक पावतीवर मी ते लिहू लागलो आहे.

आपला विश्वासू,
एक वाहनदुरुस्ती व्यावसायिक,
सातपूर, नाशिक