खातं तुमच्याच बँकेत होतं, तरी पैसे जाऊ दिलेत

प्रति,
मा. नोडल अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : मैत्रिणीच्या नावाने झालेली ४५,००० रुपयांची फसवणूक आणि आपल्या रत्नागिरी शाखेने वेळेत न केलेली कारवाई

महोदय,

मी ७१ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. गेली १३ वर्षं माझी पेन्शन तुमच्याच शाखेत जमा होते.

गेल्या महिन्यात १२ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीच्या व्हॉट्सॲपवरून निरोप आला : "बाय, ह्यांना ॲडमिट केलंय. माझं जीपे चालत नाहीये. दवाखान्याच्या माणसाला ४५ पाठवशील? उद्या देते." नंबर तिचा, फोटो तिचा, आणि मला 'बाय' म्हणणारी या जगात आता ती एकटीच उरली आहे. तरी मी फोन लावला. तो उचलला गेला नाही, लगेच निरोप आला, "डॉक्टरांपाशी उभी आहे, बोलता येत नाही." तिच्या यजमानांचं हृदयाचं दुखणं मला ठाऊक होतं. मी आधी २५ हजार आणि मग २० हजार पाठवले.

पावणेबाराला तिचाच फोन आला. ती स्वयंपाकघरात होती, यजमान झोपाळ्यावर पेपर वाचत बसलेले. आदल्या रात्री कुणीतरी तिला लिंक पाठवली होती, ओळखीतल्या मुलीच्या चित्राला मत द्या म्हणून. त्यात नंबर घातल्यावर आलेला आठ अक्षरांचा कोड तिने सांगितल्याप्रमाणे व्हॉट्सॲपमध्ये टाकला. त्याने तिचं खातं भामट्याच्या यंत्राला जोडलं गेलं, आणि आमचे जुने निरोप त्याने वाचून काढले. 'बाय' त्याला तिथे सापडलं. ती बिचारी अजून माझ्याशी बोलताना रडते. तिला मी दोष देत नाही. माझी चूकही मी नाकारत नाही.

माझी तक्रार पुढच्या साडेतीन तासांची आहे.

पैसे गेले हे कळल्याबरोबर मी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. कार्डासाठी १ दाबा, कर्जासाठी २ दाबा, असं चालू राहिलं. फसवणूक झाली हे सांगायला कुठलं बटण दाबायचं ते मला शेवटपर्यंत ऐकू आलं नाही. वीस मिनिटं वाट पाहून फोन आपोआप बंद झाला. मग रिक्षा करून १२.४० ला शाखेत पोचले. ज्येष्ठ नागरिकांना प्राधान्य देणारी खिडकी ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच सर्व बँकांना सांगितलेलं आहे. तुमच्या शाखेत तशी पाटी आहे, पण पाटीखालची खुर्ची रिकामी होती. मी रांगेत उभी राहिले.

माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या अधिकाऱ्यांनी पैसे कुठल्या खात्यात गेले ते संगणकात पाहिलं आणि ते म्हणाले, "खातं आपल्याच बँकेचं आहे, पण परराज्यातल्या शाखेचं." मी हात जोडून म्हटलं, "मग थांबवा ना ते." त्यावर, "आजी, पिन तुम्हीच टाकलाय. पोलिसांत जा." एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

१९३० हा आकडा मला त्या दिवशी शाखेत कुणी सांगितला नाही. गृह मंत्रालयाच्या या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली की ती थेट बँकांपर्यंत पोचते आणि खात्यात शिल्लक असलेली रक्कम रोखून धरता येते, हे संध्याकाळी सात वाजता भाच्याने सांगितलं. त्याने लगेच तक्रार नोंदवली. तोवर उरले होते फक्त ७ हजार, तेवढे गोठवले गेले. पोलिसांनी नंतर सांगितलं की ३८ हजार दुपारी सव्वातीननंतर एटीएममधून काढले गेले. म्हणजे मी तुमच्या काउंटरसमोर उभी होते तेव्हा माझे पैसे तुमच्याच बँकेत पडून होते.

माझ्या लेखी तक्रारीला तुमचं उत्तर आलं : व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला, सबब तक्रार बंद. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे, हे मलाही समजतं. पण मी विचारलं होतं ते निराळंच, आणि त्याचं उत्तर त्या पत्रात नाही. खबर मिळाल्यावर आपल्याच बँकेतलं खातं अडीच तास का उघडं ठेवलं? ते खातं उघडताना केवायसी कुणी तपासली? त्याच दिवशी आलेले पैसे त्याच दिवशी एटीएममधून निघाले, याचा इशारा तुमच्या यंत्रणेला मिळाला की नाही?

माझी मागणी अशी. तक्रार पुन्हा उघडावी आणि १२ तारखेचं शाखेतलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. मी किती वाजता आले ते त्यात दिसेल. गोठवलेले ७ हजार परत मिळण्यासाठी काय करायचं ते लेखी कळवावं. शाखेच्या हलगर्जीपणामुळे गेलेले ३८ हजार बँकेने भरून द्यावेत. आणि त्या रिकाम्या खुर्चीवर माणूस बसवून १९३० हा आकडा मोठ्या मराठी अक्षरांत तिथे लावावा, कारण आमच्या पेन्शनर कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांची खाती याच शाखेत आहेत.

३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाईन. सोबत दोन्ही व्यवहारांच्या प्रती, निरोपांचे स्क्रीनशॉट आणि १९३० च्या तक्रारीची पोच जोडली आहे.

आपली खातेदार,
(सही)
रत्नागिरी