रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत कोण असतं?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट आगारात उभ्या शिवशाहीत एका तरुणीवर बलात्कार झाला. मग पुण्यात बोललं गेलं ते आगारातले दिवे, सुरक्षारक्षक आणि भंगार गाड्यांबद्दल. बोलायलाच हवं होतं. पण अशी मुलगी तिथून ज्या दवाखान्यात जाते तिथली तयारी फारशी कुणी विचारली नाही. म्हणून हे पत्र.

कायदा २०१३ पासून स्पष्ट आहे. रुग्णालय सरकारी असो वा खासगी, उपचार लगेच आणि मोफत करायचे, पोलिसांना कळवायचं. नाकारले तर एक वर्षापर्यंत कैद. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ३९७ तेच सांगतं. तरी माझ्या ओळखीतल्या एका मुलीला खासगी रुग्णालयाच्या काउंटरवर ऐकावं लागलं, "पोलीस केस आहे, ससूनला न्या." वर एफआयआरची प्रत मागितली! उपचारांना एफआयआर लागत नाही, हे त्या काउंटरवर कुणी शिकवलंय का?

ही टोलवाटोलवी महागात पडते. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, तीही जितकी लवकर तितकी बरी, आणि पुढे २८ दिवस घ्यायची असतात. गर्भनिरोधक गोळीलाही उशीर चालत नाही. तिच्या अंगावरून, कपड्यांवरून घ्यायच्या नमुन्यांचं तर बोलायलाच नको, तासागणिक पुरावा जातो. ‘लेडी डॉक्टर सकाळी येतील’ हे कारणही सज्ञान मुलीच्या बाबतीत टिकत नाही. तिची संमती असेल तर सोबत महिला कर्मचारी ठेवून पुरुष डॉक्टर तपासू शकतात.

आपण म्हणाल, ससून आमच्याकडे नाही. खरंय, ते वैद्यकीय शिक्षण खात्याचं. कमला नेहरू महापालिकेचं. औंधचं जिल्हा रुग्णालय तेवढं आपलं. रात्री रिक्षातून उतरणाऱ्या मुलीला ही वाटणी कशी कळावी?

टू फिंगर टेस्ट, म्हणजे दोन बोटांनी केली जाणारी योनीची तपासणी, केंद्राच्या २०१४ च्या सूचनांनी बाद केली, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती करणं गैरवर्तन ठरवलं. छापील फॉर्ममधून तिच्या खुणा गेल्या का, तेवढं तपासून घ्या.

आणि एकदा, न कळवता, रात्री दोनला औंधच्या कॅज्युअल्टीत जा. नमुन्यांचं किट मागा, एचआयव्ही टाळणारी ती औषधं मागा. कपाटाला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे आहे आणि तो माणूस किती वेळात येतो, हे घड्याळ लावून बघा. जे दिसेल ते जाहीर करा.

आपली,
औंधमधील एक रहिवासी