डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते

मॅडम,

कधीपासून लिहीन लिहीन म्हणतेय, पण लिहायला बसलं की रडूच यायचं. दादाला विचारूनच लिहितेय, त्याचं नाव तेवढं देत नाही.

तुमच्याकडे यायच्या आधी एका ठिकाणी दाखवलं होतं. फाइलवर एचआयव्ही वाचलं आणि त्या डॉक्टरांनी खुर्चीच मागे घेतली, लांबून टॉर्च मारला, डोळा लाल नाही दुखत नाही म्हणजे अशक्तपणामुळे धूसर दिसतंय म्हणाले, आणि वर मला बाजूला घेऊन, आता नजरेचं काय घेऊन बसलात. एवढं शिकलेला माणूस असं बोलतो! माझा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही बाहुली मोठी करायचे ड्रॉप स्वतः घातलेत, पडदा कितीतरी वेळ बघितलात. आधीच धूसर, त्यात ड्रॉपमुळे उजेड सहन होईना, दादा उठून चाचपडायला लागला तर तुम्ही कुणाला हाक न मारता त्याचा हात धरून बाहेर बाकापर्यंत आणून बसवलंत. तुमच्या लक्षातही नसेल ते. पण मॅडम, आजार कळल्यापासून परक्या कुणी त्याला असा हात लावलाच नव्हता, नातेवाइकांनी तर त्याचा कपसुद्धा वेगळा काढला होता. हात धरल्याने, डोळ्यातल्या पाण्याने एचआयव्ही होत नाही हे सगळ्यांना पाठ आहे, पण वागताना कुणाला आठवतं? त्या दिवशी दादा कितीतरी दिवसांनी आपणहून बोलत होता.

पडद्यामागच्या थरात पिवळट डाग आहेत, टीबी रक्तातून तिथे गेलेला दिसतोय, म्हणजे शरीरात अजून कुठेतरी असणार, हे तुम्हीच पहिल्यांदा म्हणालात. छातीचा एक्सरे तर स्वच्छ होता! सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, इतका खाली, ५० च्याही आत गेला की शरीराला सूज आणायचीही ताकद उरत नाही, म्हणून डोळा वरून चांगला दिसतो आणि एक्सरेही फसवतो, हे तुम्ही समजावलंत तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. पुढच्या तपासण्यांत टीबी निघालाच. नुसती नजर नाही, जीव वाचवलात त्याचा.

आधी टीबीच्या गोळ्या, मग थोड्या दिवसांनी एचआयव्हीच्या, आणि प्रतिकारशक्ती परत येताना डोळा मध्येच जास्त बिघडल्यासारखा वाटू शकतो, तसं झालं तर लगेच या पण गोळ्या सोडू नका, असं तुम्ही आधीच बजावलं होतंत. अगदी तसंच झालं. ते वाक्य कानात नसतं तर आम्ही घाबरून सगळं बंद केलं असतं. टीबीच्या गोळ्यांतल्या इथॅम्बुटॉलने नजरेला धोका असतो म्हणून दर वेळी लाल-हिरवा रंग तपासायचात, तेही न कंटाळता.

माणुसकीला वेगळा वेळ लागत नाही हो. तुमच्याकडेही गर्दी तेवढीच होती.

उजव्या डोळ्यात मधोमध डाग राहिलाय, तो राहील हे तुम्ही सांगितलंच होतं. डाव्याने तो वाचतो, हे पत्रही आधी त्यानेच वाचलंय.

तुमची खूप खूप आभारी,
दादाची धाकटी बहीण