मॅडम, आवाज येत नाही!

महोदय,

गेल्या महिन्यात तालुक्याला मुख्याध्यापकांचं नेतृत्व प्रशिक्षण झालं. एकेकाला उभं करून मोठ्यानं ‘मी नेता आहे’ म्हणायला लावलं. माझी पाळी आली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “मॅडम, आवाज येत नाही!” सगळे हसले. मीही हसले, पण एसटीत बसल्यावर गाव येईपर्यंत तेच डोक्यात.

वाईट म्हणजे, ते मला पटतंही. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला सरपंच वीस मिनिटं बोलतात, मी दोन मिनिटांत खाली बसते. मग दिवसभर वाटतं, ही खुर्ची चुकून आपल्या वाट्याला आली.

दिवाळी झाली की आमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्चून झालेली असते, आणि पोरंही कोयत्यामागं जातात. तिथं भाषण कामाचं नाही. मागच्या वर्षी एका आजीच्या ओट्यावर तासभर बसले. ती शेंगा फोडत होती, मीही फोडू लागले. नातीचा विषय मी काढलाच नाही. शेवटी तीच म्हणाली, “ऱ्हाऊ दिली असती वो पोरीला, पर गुडघ्यामुळं पाणी आणणं व्हत नाही.” अडचण पाण्याची होती! शाळा सुटताना पोरीनं शाळेच्या बोअरवरून दोन कळशा न्याव्यात, हे आमच्या एका सरांनी सुचवलं. मी फक्त ‘बरं’ म्हणाले. पोरगी गावातच राहिली.

मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिझ्झाच्या दुकानांचा अभ्यास केला होता, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नोकर स्वतःहून काही सुचवणारे असतील तिथं अबोल व्यवस्थापकाच्या दुकानाला नफा जास्त. हुकमाची वाट पाहणारे असतील तिथं बोलक्याच्या. कुठं पिझ्झा आणि कुठं आमची शाळा, पण वाचताना सरांच्या कळशा आठवल्या.

अबोलपणाचं कौतुक मात्र मी करणार नाही. एक नव्या शिक्षिका वर्षभर समजत होत्या की मी त्यांच्यावर नाराज आहे. त्यांचं शिकवणं मला फार आवडायचं, ते तोंडातून कधी निघालंच नाही. आता वहीत दोन ओळी लिहून देते.

पुढच्या प्रशिक्षणात एखादा तास समोरच्याचं ऐकून घेण्याच्या सरावाला ठेवावा, एवढीच विनंती. घोषणाच हव्या असतील तर आमचे सरपंच मोकळे आहेत.

– एक मुख्याध्यापिका, ता. अंबाजोगाई, जि. बीड