मागचं माप कुठंय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी गणवेश शिवणारा माणूस. सोलापुरात या धंद्यातल्या कुणालाही विचारा, शाळेची मापाची वही हरवली की जून महिना हातचा गेला. स्कॅनच्या रिपोर्टातही मागचं माप असंच लागतं, म्हणूनच हे पत्र.

माझ्या पत्नीचा स्तनाचा कर्करोग यकृतात आणि मणक्यात गेलेला आहे. औषध लागू पडतंय का ते बघायला दर तीन महिन्यांनी सीटी स्कॅन. या खेपेला नेहमीच्या ठिकाणी तारीख मिळेना, म्हणून दुसऱ्या सेंटरला गेलो. जुनी सीडी पिशवीतच होती. कुणी मागितली नाही, मलाही द्यायचं सुचलं नाही. रिपोर्ट आला: यकृतात गाठी, मोठी 21 मिलिमीटर, पाच मणक्यांत पांढरे डाग. मागे दोनच मणके लिहिले होते. "पसरलं," मुलगा एवढंच म्हणाला. त्या रात्री भाकरी दुरडीतच राहिली.

चार दिवसांनी डॉक्टरांनी दोन्ही सीडी शेजारी लावल्या. यकृतातल्या त्याच दोन गाठी आधी 32 आणि 24 होत्या, आता 21 आणि 16. बेरीज 56 वरून 37. गाठींच्या मापावरून औषध लागू पडतंय का ते ठरवायच्या रिसिस्ट नावाच्या नियमावलीत बेरीज 30 टक्के उतरली की अंशतः प्रतिसाद धरतात. रोग वाढला म्हणायला सर्वांत कमी भरलेल्या बेरजेपेक्षा 20 टक्के, आणि शिवाय निदान 5 मिलिमीटर जास्त लागतात. हाडाचं मात्र निराळं. रोग मागे हटला की तिथलं हाड भरून येतं, पांढरं पडतं, आणि आधी न दिसलेली जागाही उठून दिसायला लागते. पांढरा डाग दर वेळी चांगलाच असं नाही, हेही त्यांनी बजावलं. पण गाठी आटलेल्या, कंबरदुखी कमी, म्हणून गोळ्या त्याच ठेवल्या.

सेंटरचं माप चुकलं नव्हतं. 21 म्हणजे 21च. पण आधी किती होतं, ते कुठंच नाही. स्कॅनला "श्वास धरा" म्हणतात, आम्हीही छातीचं माप घेताना गिऱ्हाइकाला "फुगवू नका" म्हणतो. रीत तीच हवी, नाहीतर टेप धरून उपयोग काय?

इथले पेशंट बार्शी, पुणे, मुंबई असे फिरतात, दर ठिकाणी मशीन वेगळं. तेव्हा तारीख देतानाच "मागची सीडी आणा" असं सांगावं, आणि रिपोर्टात त्याच गाठीचं जुनं माप तारखेसकट नव्या मापाशेजारी लिहावं. नुसती मोबाइलवरची लिंक देऊ नये. आमची महिन्याभरात उघडेनाशी झाली.

मी आता तिच्यासाठी वही घातली आहे, उभ्या रकान्यांची. पुढचा स्कॅन नेमका सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत आलाय. दोन्ही सीडी तिच्या पिशवीत आजच ठेवल्या.

आपला,
एक शिलाईवाला, सोलापूर