हायब्रिडचे मायलेज घटले, तरी ईजीआर कूलर उघडलाच नाही

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : ९२,००० किमी झालेल्या हायब्रिड गाडीच्या अपुऱ्या तपासणीबाबत तक्रार

महोदय,

टाकी फुल करून चार वेळा मोजलेले मायलेज लिटरला २४ वरून १९ किमीवर आले आहे. टायरची हवा, एअर फिल्टर, बॅटरीच्या पंख्याची जाळी सगळे ठीक आहे. तरी सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डवर ‘कोड नाही, दोष नाही, गाडी चालवण्याची पद्धत सुधारा’ असे लिहून गाडी परत दिली. हे उत्तर मला मान्य नाही. माझा संशय ईजीआर कूलरवर आहे. ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा काही वायू परत सिलिंडरमध्ये पाठवणारी यंत्रणा, आणि कूलर म्हणजे तो वायू थंड करणारा तिचा भाग.

हे इंजिन अ‍ॅटकिन्सन सायकलचे आहे. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे १३:१ हा रेशो खऱ्या अर्थाने एक्स्पान्शनला, म्हणजे जळलेला वायू फुगून पिस्टन ढकलतो त्या टप्प्याला मिळतो. सोबत थंड केलेला एक्झॉस्ट वायू ईजीआरमधून परत सिलिंडरमध्ये येतो आणि ज्वलनाचे तापमान आटोक्यात ठेवतो. कूलरच्या बारीक वाटांत काजळी बसली की हा वायू कमी पडतो, नॉकिंग (इंधन अवेळी आपोआप पेटून होणारी ठोक) सुरू होते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. मग उशिरा जळलेल्या पेट्रोलची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी सायलेन्सरवाटे निघून जाते. साध्या गाडीत ओढ कमी झालेली पायाला कळते. इथे इलेक्ट्रिक मोटर ती उणीव झाकते, पण तिची वीज शेवटी पेट्रोल जाळूनच भरावी लागते. प्रवाह ठरावीक मर्यादेखाली जाईपर्यंत पी०४०१ हा ईजीआरचा प्रवाह अपुरा असल्याचा बिघाड-कोड उठत नाही. तोवर नुकसान चालूच असते.

थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) सफाईचे पैसे दोनदा लावले आहेत. ईजीआरची वाट तर थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमध्ये) उघडते. तो स्प्रे कूलरपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय ०डब्ल्यू-२० या पातळ ऑइलऐवजी बिलावर ५डब्ल्यू-३० ऑइल दिसते. सतत बंद-चालू होणाऱ्या, कमी तापणाऱ्या इंजिनात जाड ऑइलने घर्षण वाढते.

आता एवढे करून द्यावे. स्कॅनरवर लोडखाली इग्निशन किती मागे जाते ते आकडे लेखी द्यावेत. इंजिन थंड असताना कूलर उतरवून त्यातून पाणी ओतून पाहावे : साफ कूलरमधून धार सरळ पडते, तुंबलेल्यातून थेंब गळतात. कूलर, व्हॉल्व्ह, पाइप आणि मॅनिफोल्डमधली प्रत्येक सिलिंडरची छिद्रे एकाच वेळी साफ करावीत. छिद्रे तशीच राहिली तर मोकळ्या सिलिंडरला वायू जास्त जाऊन मिसफायर (इंधन नीट न पेटणे) होऊ शकतो आणि बुजलेल्यात नॉकिंग राहतेच. जोडताना नवे गॅस्केट लावावे, कूलंटमधली हवा नीट काढावी.

थंड स्टार्टला काही सेकंद थरथर जाणवते, म्हणून कूलंटची प्रेशर टेस्टही हवी. हेड गॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत असेल तर नुसत्या सफाईने भागणार नाही.

थ्रॉटल सफाईची रक्कम परत करावी, योग्य ऑइल विनामूल्य भरावे आणि १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

आपला,
गाडीमालक
सोबत : जॉबकार्ड, दोन बिले, इंधनाच्या नोंदी